नाटकाच्या हिशेबापासून सिनेमाच्या मालकापर्यंत: खेड्यातल्या शाळेत माध्यमांचा अभ्यास कसा सुरू करावा

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पाचवा धडा प्रसारमाध्यमांचा आणि सहावा मनोरंजनाच्या माध्यमांचा. फाळक्यांचं नाव, १९१३ साल, एक टीप लिहा, दोन कारणं द्या, की लागलीच खेळांचा धडा. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात मी शिकवते. वैनगंगेच्या पलीकडे वडसा, म्हणजे झाडीपट्टीच्या, पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचं मोठं केंद्र. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावाची जत्रा, सुरू होते; दिवसा दंडार हा इथला लोकनाट्याचा प्रकार आणि रात्री नाटक. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा वर्ग डोळे चोळत बसलेला असतो. मी त्यांना रागवायची. एका सकाळी रागवण्याऐवजी विचारलं, "कालचं नाटक कोणाचं होतं?" पोरांनी नटांची नावं सांगितली, एकीने लावणीवालीचं सांगितलं. "तसं नाही. मालक कोण? तिकिटाचे पैसे कुठे गेले?" वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील नाटक आणणाऱ्या गावातल्या मंडळाचा हिशेब ठेवतात, हळूच म्हणाला, "खर्च निंगला नाई, मॅडम. बाजूच्या गावात बी नाटक होता."

माध्यम-उद्योगाचा अख्खा पाया त्या एका वाक्यात होता. प्रेक्षक तितकेच, खेळ दोन, आणि नुकसान एकाचं. तेव्हापासून मी हे दोन धडे वहीतून कमी आणि गावातून जास्त शिकवते. ज्यांना आपल्या शाळेत पहिल्यांदाच हे करायचं आहे, मग ते शिक्षक असोत की नववी-दहावीचे विद्यार्थी, त्यांच्यासाठी ही वाट लिहून ठेवते. लागतं ते एवढंच: एक दोनशे पानी वही, शाळेतला एखादा फोन किंवा टीव्ही आणि आठवड्याच्या दोन तासिका, दीडेक महिना.

वहीच्या पहिल्या पानावर दोन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. बुडालं तर कोणाचं बुडतं? चाललं तर पुन्हा पुन्हा पैसे कोणाला मिळतात? पुढे जे काही कराल, त्या प्रत्येक ठिकाणी हेच दोन प्रश्न विचारायचे आहेत. मालकी म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

पहिली पायरी: ओळखीच्या खेळाचा हिशेब

सिनेमापासून सुरुवात करू नका. पोरांना सिनेमा माहीत असतो, सिनेमाचा धंदा माहीत नसतो. झाडीपट्टीचं नाटक मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. गावातलं मंडळ कंपनीकडे जाऊन नाटक ठरवतं, कंत्राट होतं, इसार दिला जातो. कंपनीच्या मालकाकडे नट, वादक, पडदे, लाइट, भोंगे हे सगळं असतं किंवा तो ते जमवतो. नटाला नाइटचे पैसे मिळतात. मंडळ जागा बघतं, मंडप घालतं, ऑटोवर भोंगा लावून गावोगाव फिरवतं, तिकिटं विकतं. खुर्चीचा भाव वेगळा, खाली बसायचा वेगळा. खर्च जाऊन उरलं तर देवळाला, वाचनालयाला, कधी शाळेच्या कंपाउंडला.

हे फळ्यावर काढा. डावीकडे कंपनी, मध्ये मंडळ, उजवीकडे बघणारे. बाणांनी पैसे कुठून कुठे जातात ते दाखवा. मग पहिला प्रश्न विचारा. पाऊस आला आणि खेळ मोडला तर कोणाचं बुडतं? कंपनीला ठरलेले पैसे द्यावेच लागले तर मंडळाचं. पैसे तिकिटांच्या वाट्यावर ठरले असतील तर दोघांचं. पोरं घरी जाऊन विचारून येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाद होतो. तो होऊ द्या.

आणखी एक गोष्ट इथेच दाखवून द्या. नाटकांचा मोसम दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंतच का? कारण धान कापून घरात आलेलं असतं, हातात पैसा असतो आणि रात्री बाहेर बसण्यासारखी असतात. प्रेक्षक कधी तयार होतो, हे या भागात धानाचं पीक ठरवतं. 'बाजारपेठ' हा शब्द पुस्तकात वाचण्यापूर्वी पोरांना तो असा शेतात दिसला पाहिजे.

ज्यांच्या गावाकडे झाडीपट्टीचं नाटक नाही, उदाहरणार्थ दिग्रस, मेहकर, दर्यापूरकडच्या शाळांना, त्यांनी यात्रेतला तमाशा घ्यावा, ऑर्केस्ट्रा घ्यावा, नाहीतर सरळ गावातला केबलवाला घ्यावा. पैसे घेणारा, खेळ आणणारा आणि बघणारा ही तीन माणसं जिथे असतील, तिथे हा धडा शिकवता येतो.

माझ्या मते या पायरीला दोन आठवडे दिले तरी चालतील. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

दुसरी पायरी: वर्तमानपत्राची शेवटची ओळ

ही एका तासिकेची गोष्ट आहे. ग्रामपंचायतीत किंवा हॉटेलात येणारे चार-पाच जुने पेपर आणा. प्रत्येकात कुठेतरी पानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत एक मजकूर असतो: मालक कोण, मुद्रक आणि प्रकाशक कोण, कुठे छापलं, संपादक कोण. कायद्याने ही माहिती छापावीच लागते. पोरांना ती शोधायला लावा आणि वहीत उतरवून घ्या. रोज हातात येणाऱ्या कागदावर मालकाचं नाव असतं आणि ते आपण कधी वाचलेलं नसतं, हे एकदा कळलं की पुढे सिनेमाची पहिली दोन मिनिटं ती पोरं वेगळ्या नजरेने बघतात.

तिसरी पायरी: सिनेमाची पहिली दोन मिनिटं

एक सिनेमा निवडा आणि फक्त पहिली दोन मिनिटं दाखवा. मग बंद करा. आरडाओरडा होईल, होऊ द्या.

सगळ्यात आधी सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची पाटी येते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ ती देतं. त्या पाटीवर सिनेमाचं नाव, भाषा, लांबी, दर्जा आणि निर्मात्याचं नाव असतं. फोनवर पाहत असाल तर थांबवून वाचून घ्या. दर्जाबद्दलही इथेच सांगून टाका: 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. मधल्या 'यूए'चे २०२३ च्या दुरुस्तीनंतर ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झाले. सिनेमा पडद्यावर येण्याआधीच कोणीतरी प्रेक्षकांचे वयाप्रमाणे गट पाडतं, हे पोरांना लक्षात आणून द्या.

त्यानंतर एकामागोमाग एक बोधचिन्हं येतात. मग 'प्रस्तुत', मग 'निर्मित', मग पडद्यावर छोट्या अक्षरांत आणखी चार नावं. सगळी लिहून घ्या. मग वर्गाला विचारा, या सिनेमाचा मालक कोण?

दर वर्षी पहिलं उत्तर येतं: हिरो. दुसरं: डायरेक्टर. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात उत्तर वेगळं आहे. सिनेमाचा 'कर्ता' म्हणून कायदा निर्मात्याला धरतो, म्हणजे ज्याने सिनेमा घडवून आणण्याची जबाबदारी आणि पुढाकार घेतला त्याला. सिनेमा प्रकाशित झाल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं त्यावरचा हक्क चालतो. म्हणूनच फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आज कोणीही दाखवू शकतो, आणि परवाचा सिनेमा नाही. गाणी लिहिणाऱ्यांना आणि चाली बांधणाऱ्यांना मात्र २०१२ च्या दुरुस्तीने एक आधार मिळाला. सिनेमागृहाबाहेर त्यांचं गाणं वाजलं तर रॉयल्टीतला त्यांचा वाटा त्यांच्याकडून सहजासहजी काढून घेता येत नाही. पहिल्या पानावरचा दुसरा प्रश्न इथे पुन्हा वाचा. वीस वर्षांपूर्वीचं गाणं रेडिओवर वाजलं तर पैसे कोणाला?

पुढचं एक निरीक्षण पोरांनी स्वतः करावं असं मला वाटतं. कधीकाळी कलावंतच मालक होते. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा तिचे पाच भागीदार होते: विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी. यातल्या बहुतेकांचे हात रंगात, सुतारकामात आणि कॅमेऱ्यात गुंतलेले. नट महिन्याच्या पगारावर. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली आणि ती बंद पडल्यावर तिच्याच जागेत १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आजच्या एखाद्या सिनेमाच्या पहिल्या दोन मिनिटांतली नावं आणि ही पाच नावं शेजारी शेजारी लिहिली, की काय बदललं ते शिक्षकाने वेगळं सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: आपण कोणत्या सर्किटमध्ये?

या पायरीसाठी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा लागतो, आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडचाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो हा भाग.

सिनेमाच्या व्यापारात देशाचे भाग राज्यांप्रमाणे पाडलेले नाहीत. त्यांना सर्किट किंवा टेरिटरी म्हणतात. मुंबई सर्किट, दिल्ली-यूपी, निजाम, म्हैसूर अशी नावं. मुंबई सर्किटात गुजरातही येतो. मराठवाडा निजाम सर्किटात. आणि विदर्भ? विदर्भ येतो सी.पी.-बेरार सर्किटात.

सी.पी.-बेरार म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस आणि बेरार, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. नागपूर राजधानी असलेला हा इंग्रजी अमदानीतला प्रांत. १९५० मध्ये त्याचं मध्य प्रदेश झालं, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र आला. राज्यकारभारातून प्रांत पुसला गेला, सिनेमाच्या वहीत तो अजून जिवंत आहे. आजही रायपूर आणि ब्रह्मपुरी यांची कमाई या व्यापारात एका सर्किटात मोजली जाते, आणि पुण्याची दुसऱ्या. या भागातले वितरक (निर्मात्याकडून हक्क घेऊन सिनेमा टॉकीजपर्यंत पोचवणारे) आणि प्रदर्शक (टॉकीज चालवणारे) यांच्या जुन्या संघटनेचं, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, मुख्य कार्यालय भुसावळला आहे. अमरावती हीदेखील वितरकांची जुनी पेठ.

नकाशावर खडूने सर्किटांच्या रेघा मारा. मग विचारा: एक मराठी सिनेमा 'महाराष्ट्रभर' लागणार असेल तर निर्मात्याला किती सर्किटांत हक्क विकावे लागतील? कमीत कमी तीन. मुंबई, निजाम, सी.पी.-बेरार. पुण्यात दोन आठवडे चाललेला मराठी सिनेमा चंद्रपूरला का आला नाही, या प्रश्नाची सुरुवात इथून होते. इथल्या सर्किटात मराठीपेक्षा हिंदी सिनेमा वितरकाला अधिक भरवशाचा का वाटतो, याचा विचारही इथूनच करायला लावा: निम्म्याहून मोठा भाग हिंदी बोलणारा, आणि विदर्भातली शहरंही हिंदीला सरावलेली. एका मुलीने त्या दिवशी वहीत लिहिलं होतं, "आपल्याले कोनी इचारत नाई असं वाटे, पण धंद्याच्या वहीत आपलं पान वेगळं हाय." मी ते वाक्य जपून ठेवलं आहे.

वितरक पैसे कसे देतो, याचे तीन प्रकार फळ्यावर लिहा. एकरकमी खरेदी: हक्क घेतले, पुढचा नफा-तोटा वितरकाचा. मिनिमम गॅरंटी: ठरलेली रक्कम निर्मात्याला आधी, नंतर त्यावरच्या कमाईत वाटा. कमिशन: जोखीम निर्मात्याची, वितरक फक्त दाखवण्याची व्यवस्था करून टक्का घेणार. आता पहिल्या पायरीतलं नाटकाचं कंत्राट यातल्या कशासारखं आहे, ते पोरांना ओळखू द्या. माझ्या वर्गात मंडळवाल्यांची मुलं हे ताबडतोब सांगतात, कारण घरी त्यावरून भांडणं झालेली असतात.

जमलं तर इथे एक भेट घाला. तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये काम केलेला कोणी जुना माणूस असतोच: ऑपरेटर, डोअरकीपर, तिकीट खिडकीवरचा. टॉकीज चालू नसली तरी माणूस असतो. फिल्मची पेटी कशी यायची, एकच पेटी दोन गावांत कशी फिरवायचे, वितरकाचा प्रतिनिधी येऊन रोजच्या तिकिटांचा हिशेब म्हणजे डी.सी.आर. कसा भरून घ्यायचा, ते त्याच्या तोंडून ऐका. आता पेटी येत नाही. यूएफओ किंवा क्यूबसारख्या कंपन्यांच्या डिजिटल यंत्रणेवरून सिनेमा येतो आणि परवान्याप्रमाणे ठरलेल्या खेळांनाच उघडतो. पेटीच्या काळात आमच्यासारख्या भागात नवा सिनेमा महिन्यांनी यायचा, आता तो पहिल्याच शुक्रवारी येऊ शकतो. फक्त बघायला टॉकीज उरली पाहिजे.

पाचवी पायरी: तिकिटाचा रुपया फोडणे

गणिताच्या शिक्षकांना बोलवा. समजा नागपूरच्या मल्टिप्लेक्समध्ये तिकिटाची मूळ किंमत २०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये. प्रेक्षकाने दिले २३६. साध्या टॉकीजमध्ये मूळ किंमत ८० रुपये असेल तर सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के, म्हणजे ४ रुपये, एकूण ८४. शंभरपर्यंतच्या तिकिटाला कमी कर, त्याच्या वर जास्त.

आता २०० रुपयांची वाटणी. २००९ साली हिंदी सिनेमांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात दोन महिने वाद झाला, नवे सिनेमे लागलेच नाहीत. त्यातून जी वाटणी ठरली ती अशी: पहिल्या आठवड्यात वितरकाच्या बाजूला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, त्यानंतर ३० टक्के. म्हणजे आपल्या तिकिटातून वितरकाकडे पहिल्या आठवड्यात १०० रुपये, दुसऱ्यात ८५, तिसऱ्यात ७५, चौथ्यापासून ६०. पोरांनी हे स्वतः काढावं आणि मग सांगावं: मोठ्या सिनेमाला पहिल्या तीन दिवसांत एवढी जाहिरात का लागते? आणि जो सिनेमा लोकांनी एकमेकांना सांगत सांगत तिसऱ्या आठवड्यात चालतो, त्याच्या निर्मात्याच्या हाती काय येतं?

पॉपकॉर्नच्या पैशात वितरकाचा वाटा नसतो, हेही सांगा. मल्टिप्लेक्सला पॉपकॉर्न एवढं महाग का ठेवावंसं वाटतं, ते मग कळतं.

सहावी पायरी: एक घर, अनेक दारं

तिकीट हा आता सिनेमाच्या कमाईचा एक भाग झाला. टीव्हीचे हक्क, फोनवर दाखवायचे हक्क, संगीताचे, दुसऱ्या भाषेत पुन्हा बनवायचे. 'सैराट' २०१६ साली आला. निर्मात्यांमध्ये झी स्टुडिओज होता आणि वितरणही त्याच घराकडून झालं. २०१७ मध्ये तो कन्नडमध्ये पुन्हा बनला, २०१८ मध्ये हिंदीत. हिंदी सिनेमाच्या निर्मात्यांमध्ये पुन्हा झी स्टुडिओज. त्याच घराच्या वाहिन्या, त्याच घराचं ॲप. करमाळ्याच्या मातीतल्या एका गोष्टीतून पैसे कितीदा आणि कोणत्या दारांनी आले, याचं झाड काढायला लावा.

वाहिन्यांचंही तसंच. पोरांना विचारा, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी यांच्यात स्पर्धा आहे का? सगळे हो म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेचा भारतातला स्टारचा धंदा आणि रिलायन्सची वायकॉम१८ एकत्र आले आणि जिओस्टार झाली. दोन्ही मराठी वाहिन्या आता त्याच घरात आहेत. डिस्नेचा वाटा ३७ टक्क्यांच्या जवळपास, बाकी रिलायन्स आणि वायकॉम१८ कडे. २०२३ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स एकत्र आले; देशातली सगळ्यात मोठी मल्टिप्लेक्स साखळी आता एकच, आणि ती सिनेमांचं वितरणही करते. अमेरिकेत १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरं वेगळी करावी लागली होती, एकाच्याच हाती बनवणं आणि दाखवणं दोन्ही नको म्हणून. आपल्याकडे असं व्हावं का, यावर निबंध लिहून घ्या. दोन्ही बाजूंनी चांगलं लिहिणारी मुलं मला भेटली आहेत.

भिंतीवर मोठा कागद लावा. गावात दिसणारी प्रत्येक वाहिनी, ॲप, पेपर यांची नावं एका बाजूला, मालकांची दुसऱ्या बाजूला, मध्ये सुतळी. यूट्यूब गूगलचं, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक तिन्ही मेटाची. नावं पुष्कळ आणि सुतळीची टोकं थोडी, हे तो कागद दुरूनही दाखवतो. मालकी बदलत राहते, म्हणून सुतळी टाचणीने लावा, डिंकाने नको.

सातवी पायरी: आपल्या गावातला प्रेक्षक मोजणे

इथे घाई करू नका. नवख्यांच्या सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, माझ्याही झाल्या.

पहिल्या वर्षी आम्ही विचारलं, "तुम्ही सिनेमा पाहता का?" निम्म्या घरांनी नाही सांगितलं. सिनेमा म्हणजे टॉकीज, आणि टॉकीजला जाणं म्हणजे उधळपट्टी, असा अर्थ लोकांनी घेतला. त्याच घरांतल्या आजीला सिनेमांतले संवाद पाठ होते, नातवाच्या फोनवर ऐकून. दुसऱ्या वर्षी प्रश्न बदलला: "काल जेवण झाल्यावर काय पाहिलं किंवा ऐकलं? कशावर? कोणासोबत?" उत्तरं भरभरून आली. कालचं विचारा, 'साधारणपणे' विचारू नका. माणसाला काल आठवतो.

चाळीस घरं पुरेत. प्रत्येक टोलीतली, म्हणजे वस्तीतली, घरं आली पाहिजेत, नुसती शाळेच्या रस्त्यावरची नकोत. बायकांशी मुलींनी बोलावं, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी जाऊ नये. नावं लिहायची नाहीत, घराला फक्त क्रमांक. एका घरात एकच फोन असेल तर तो कोणाच्या हातात किती वेळ असतो, हे जरूर विचारा. फोन घराचा असतो, पण बघण्याचा हक्क सगळ्यांना सारखा नसतो, आणि ते वहीत आलं पाहिजे. पैसे कशाचे भरता हेही विचारा: केबल, डिश, की फक्त रिचार्ज. ज्या घरी डीडी फ्री डिशची छत्री आहे तिथे महिन्याचं भाडं नाही. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेत खासगी वाहिन्याच प्रसार भारतीला लिलावात पैसे देऊन जागा घेतात. बघणारा फुकट बघतो, मग वाहिनी पैसे का देते? जाहिरातीसाठी. त्याचा पुरावा पोरांनी गोळा करावा: संध्याकाळी सातची मालिका, नऊच्या बातम्या आणि क्रिकेटचा सामना, प्रत्येकातल्या अर्ध्या तासाच्या जाहिराती लिहून आणायच्या. तेल, साबण, सोनं, बियाणं, सिमेंट, गाडी. जाहिरात बघून समोर कोण बसलं आहे असं वाहिनीला वाटतं, ते ओळखता येतं. नाटकाला आपण तिकीट काढतो. इथे आपलं बघणंच दुसऱ्याला विकलं जातं.

मग सांगा की देशातही असंच मोजतात. बार्क ही संस्था हजारो घरांत मीटर बसवून वाहिन्यांचे आकडे काढते, आणि खेड्यांतली घरं त्यात २०१५ पासून आली. त्याआधीच्या आकड्यांत गाव जवळपास नव्हतंच. आपल्या चाळीस घरांवरून तालुक्याबद्दल ठाम विधान करता येत नाही, हे ज्या पोराला कळलं त्याला बार्कच्या आकड्यांनाही योग्य प्रश्न विचारता येतात.

आठवी पायरी: बघणारा काय समजतो

स्टुअर्ट हॉल नावाचे जमैकात जन्मलेले, इंग्लंडमध्ये शिकवणारे अभ्यासक होते. १९७३ साली त्यांनी मांडलं की बनवणारा एक अर्थ भरून पाठवतो, पण बघणारा तो तसाच घेईल असं नाही. कोणी पूर्ण स्वीकारतो, कोणी थोडा घेतो थोडा आपला घालतो, कोणी साफ उलटा वाचतो. दहावीच्या मुलांना एवढं पुरे.

उदाहरण मात्र आपलं घ्या. हिंदी-मराठी पडद्यावर आपल्या बोलीत बोलणारं पात्र कितीदा फक्त हसवायला येतं? अशा एखाद्या प्रसंगाचा दोन मिनिटांचा तुकडा दाखवा आणि प्रत्येकाला एकट्याने लिहू द्या: हसू आलं का, का आलं, का नाही आलं. एकमेकांचं वाचू देऊ नका. माझ्या वर्गात काही खळखळून हसले होते आणि काहींनी वही मिटून ठेवली होती. एकाने लिहिलं, "आमची बोली हसवाचीच हाय का?" मला त्या दिवशी पुढचं शिकवता आलं नाही, आणि शिकवायची गरजही नव्हती. नंतर त्यांनीच शोधलं की हे पात्र लिहिणारे, त्याला पैसे देणारे आणि ते मोजणारे कोण, आणि वहीतल्या मागच्या सगळ्या पायऱ्या एका ओळीत आल्या.

काही व्यवहाराच्या गोष्टी. शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढ्यांसमोर शिक्षणाचा भाग म्हणून सिनेमा दाखवायला कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात मोकळीक आहे. गावाला तिकीट लावून दाखवायला नाही. टेलिग्रामवरून उतरवलेली चोरीची प्रत वर्गात आणू नका. ज्या विषयात मालकी शिकवतो त्यातच ती शोभत नाही, आणि थिएटरात बसून सिनेमा रेकॉर्ड केल्यास २०२३ पासून किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा. मुलांच्या हातात फोन देऊन त्यांना एकटं सोडू नका. मुख्याध्यापकांना आधी लेखी कळवा, घरभेटींसाठी पालकांची संमती घ्या. गुण द्यायचे असतील तर वहीला द्या, तक्त्याच्या सजावटीला नको.

आणि सर्वेक्षणातून जे निघेल ते ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत द्या. गेल्या वर्षी आमच्या पोरांनी आजूबाजूच्या बारा गावांच्या नाटकांच्या तारखा एका कागदावर उतरवल्या, कोणत्या रात्री किती खेळ एकमेकांवर पडले ते लाल शाईने दाखवलं, आणि मंडळाला नेऊन दिलं. या वर्षी इसार द्यायला वडशाला जाताना हिशेब ठेवणाऱ्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला होता.